एक पडदा, दहा ड्रॉइंग्ज

घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला, की वास्तुविशारदाच्या कचेरीत महिन्याभरात ड्रॉइंग्जचा ढीग जमतो. प्लॉटचा सर्व्हे, ब्लॉक प्लॅन, तळमजला, पार्किंग, टिपिकल मजला, रेफ्यूजचा मजला, गच्ची, सेक्शन, एलिव्हेशन, क्षेत्रफळाचा हिशेब दाखवणारी आकृती. त्यांत स्ट्रक्चरल सल्लागाराकडून आलेली कॉलमची मांडणी, प्लंबिंगवाल्याची, विजेवाल्याची भर पडते. काम बहुतेक ऑटोकॅडमध्ये चालते आणि आरेखकासमोर पुष्कळदा एकच चोवीस इंची पडदा असतो. टिपिकल मजल्यावर एक भिंत पंधरा सेंटिमीटर सरकली, तर सेक्शन, एलिव्हेशन, क्षेत्रफळाची आकृती आणि कॉलमची मांडणी ही चारही पाने उघडून पाहावी लागतात. म्हणून दिवसभर रेघा मारण्याइतकेच हे एक काम हाताखालून जात असते: या ड्रॉइंगमधून त्या ड्रॉइंगमध्ये जाणे, आणि परत येणे.

हे जाणे-येणे कसे असावे, यावर कॅडच्या जगात तीसएक वर्षे मतभेद आहेत. टॅब असावेत की स्वतंत्र खिडक्या, सगळे मजले एका फाईलमध्ये ठेवावेत की प्रत्येकाची फाईल वेगळी करावी, की अशी वेळच येऊ नये म्हणून संदर्भ-फाईल किंवा मॉडेलचा मार्ग धरावा. या चर्चेची आजची स्थिती काय आहे, ते येथे मांडत आहे. एक मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या मांडणीतला माझा कल वाचकाला ओळखता येईल. चर्चेत वेगाने बदलण्याचा विचार खूप झाला आहे. दोन ड्रॉइंग्ज एका वेळी डोळ्यांसमोर ठेवण्याचा विचार त्या मानाने उशिरा सुरू झाला.

बोर्डावर काय होते

ए-झिरो कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एक चौरस मीटर. चोवीस इंची रुंद पडदा साधारण ५३ बाय ३० सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्या कागदाचा सुमारे सहावा हिस्सा. ड्राफ्टिंग बोर्डावर काम करणाऱ्याला अख्खा मजला एका नजरेत दिसे. मान वळवली की शेजारच्या टेबलावर सेक्शन असे. ट्रेसिंग पेपरवर रेखाटलेले दोन मजले एकावर एक ठेवले, की खालच्या मजल्याचा कॉलम वरच्या बेडरूमच्या मधोमध येतोय का, ते लगेच कळे. संडासावर संडास आणि डक्टवर डक्ट बसतोय का, हे तपासायला वेगळी यंत्रणा लागत नसे. ट्रेसिंगची पारदर्शकताच ते काम करायची.

बोर्डाचे दिवस सोपे होते असे मला म्हणायचे नाही. ब्लेडने शाई खरवडणे, एका बदलासाठी चार ट्रेसिंग पुन्हा काढणे, अमोनिया प्रिंटचा वास, हे सगळे त्या दिवसांत होते. पण एक सोय त्यांच्यात होती आणि पडद्यावर येताना ती सुटली: दोन कागद एकत्र पाहता येत.

संगणकावरच्या रेखाटनाची सुरुवात इव्हान सदरलँड यांच्या स्केचपॅडपासून धरतात. १९६३ साली एमआयटीत सादर झालेल्या त्या प्रबंधात मूळ आकृती एकदाच काढायची आणि तिच्या प्रती जागोजागी वापरायच्या, मूळ बदलले की प्रती बदलतील, ही कल्पना होती. पुढच्या सगळ्या संदर्भ-पद्धतींचे बीज तिथे आहे. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात आले. १९९० च्या रिलीज ११ मध्ये पेपर स्पेस आली आणि बाहेरची फाईल आत जोडण्याची सोयही आली, म्हणजे आपल्याकडच्या कचेऱ्यांत ज्याला ‘एक्सरेफ मारणे’ म्हणतात ती. मात्र एकाच ऑटोकॅडमध्ये दोन ड्रॉइंग्ज उघडणे १९९७ च्या रिलीज १४ मध्येही शक्य नव्हते. दुसरे पाहायचे तर पहिले बंद करा, नाहीतर ऑटोकॅड दुसऱ्यांदा सुरू करा आणि संगणकाची मेमरी संपेपर्यंत काम रेटा.

१९९९ नंतर

१९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० ने हा नियम मोडला. एका सत्रात हवी तितकी ड्रॉइंग्ज उघडता येऊ लागली. कंट्रोल-टॅब किंवा कंट्रोल-एफ-सिक्स दाबले की पुढचे ड्रॉइंग समोर येई, विंडो मेनूत यादी दिसे, खिडक्या आडव्या किंवा उभ्या शेजारी-शेजारी लावता येत. प्रत्येक ड्रॉइंगचा अनडू स्वतंत्र ठेवला, लिस्पमधली चलेही स्वतंत्र ठेवली. एकीकडे कॉपी करून दुसरीकडे मूळ निर्देशांकांवर पेस्ट करण्याची सोय मिळाली. दोन्ही फाईलींचा शून्यबिंदू एकच असेल, तर वरच्या मजल्याचा जिना खालच्या जिन्यावर अचूक बसतो. शून्यबिंदू जुळलेले नसतील, तर पेस्ट केलेली वस्तू कुठेतरी दूर जाऊन पडते आणि झूम एक्स्टेंट केल्यावर ठिपक्याएवढी दिसते. हा अनुभव न घेतलेला आरेखक सापडणे कठीण.

त्यानंतरचे बदल या एका कामाच्या सुधारणा आहेत. उघडलेली ड्रॉइंग्ज विंडोजच्या टास्कबारवर वेगवेगळी दाखवायची की नाही, ते ठरवणारे सेटिंग आले. ऑटोकॅड २००९ मध्ये खालच्या पट्टीवर छोट्या चित्रांची रांग मिळाली. ऑटोकॅड २०१४ मध्ये ड्रॉइंगच्या वर फाईल टॅब आले. टॅबवर माऊस नेला की मॉडेल आणि लेआउटची छोटी चित्रे दिसतात, सेव्ह न केलेल्या फाईलच्या नावापुढे तारा येतो, रीड-ओन्ली उघडलेल्या फाईलवर कुलूप दिसते. २०२२ च्या आवृत्तीत टॅब ओढून ड्रॉइंग वेगळ्या खिडकीत, दुसऱ्या पडद्यावर नेता येऊ लागले. २०२४ मध्ये उघडी ड्रॉइंग्ज निवडण्यासाठी टॅबच्या पट्टीत मेनू आला.

या काळात मायक्रोसॉफ्ट उलट दिशेने चालली होती, ही गोष्ट लक्षात घ्यावी. वर्ड २००० पासून प्रत्येक दस्तऐवज आपापल्या खिडकीत आला आणि एक्सेल २०१३ मध्ये तेच झाले. एका मोठ्या चौकटीत अनेक खिडक्या कोंडण्याची पद्धत ऑफिसने सोडली, कॅडने टिकवली आणि तिच्यावर ब्राउझरसारखे टॅब चढवले.

मते

टॅबच्या बाजूचे लोक म्हणतात की काय उघडे आहे ते सतत दिसत राहणे, हेच अर्धे काम आहे. कंट्रोल-टॅबच्या आंधळ्या फिरकीत सात ड्रॉइंग्जमधून हवे ते येईपर्यंत बोट दाबत राहावे लागते, टॅबवर थेट जाता येते. डीडब्ल्यूजी फाईल वाचणाऱ्या ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅडसारख्या प्रणालींनीही टॅब स्वीकारले आहेत, त्यामुळे किंमत पाहून सॉफ्टवेअर बदलणाऱ्या कचेरीला हाताची सवय मोडावी लागत नाही. टॅबची मर्यादाही या बाजूचे लोक मान्य करतात. रांग पडद्याच्या बाहेर गेली की उरलेली नावे यादीत जातात, आणि मग आपण पुन्हा नाव शोधणाऱ्या माणसाच्या जागी येतो.

दुसरे मत दोन पडद्यांचे आहे. डावीकडे स्ट्रक्चरल, उजवीकडे आर्किटेक्चरल, आणि बदलायचे काहीच नाही. ऑटोकॅड दोनदा सुरू करण्याची जुनी रीत अजूनही वापरणारे आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की एका सत्रातली सगळी ड्रॉइंग्ज एकाच प्रक्रियेत चालतात, ऑटोकॅड कोसळले तर सगळीच जातात. दोन सत्रांत निदान एक तरी वाचते. दुसऱ्या बाजूला, दोन सत्रांत मेमरी जास्त लागते आणि टेबलावर दुसऱ्या पडद्याला जागा लागते. अंधेरी एमआयडीसीतल्या प्रशस्त कंपनीला हे सोपे आहे, मुलुंडमधल्या दहा बाय बाराच्या कचेरीत तीन आरेखक बसत असतील तर नाही.

तिसरे मत सगळ्यांत साधे आणि आपल्या उपनगरांत खूप रुजलेले आहे: फाईल एकच ठेवा. सगळे मजले मॉडेल स्पेसमध्ये ओळीने मांडायचे, खाली सेक्शन, बाजूला क्षेत्रफळाचे तक्ते. जायचे असेल तर झूम करून सरकायचे किंवा नाव दिलेल्या व्ह्यूवर उडी मारायची. महापालिकेकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशांची घडणही याला पोषक ठरली. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरसारखी प्रणाली ठरावीक लेअरवरच्या बंद पॉलिलाइन वाचून क्षेत्रफळ आणि नियम तपासते, त्यामुळे सगळे एका ठिकाणी, एका शिस्तीत असणे सोयीचे पडते. ही फाईल ई-मेलने पाठवली तरी अखंड पोचते. तोटा असा की ती जड होते आणि एका वेळी एकालाच लिहिता येते. दुसऱ्याने उघडली की त्याला रीड-ओन्ली मिळते. मग तो नाव बदलून प्रत करतो, आणि एका फाईलच्या दोन होतात.

चौथे मत म्हणते, हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. बदल एका ठिकाणी करा, बाकी ठिकाणी तो आपोआप दिसू द्या. एक्सरेफ हा त्याचा सौम्य प्रकार. कॉलमची एक फाईल प्रत्येक मजल्याला जोडलेली असते, ती बदलली की रीलोड करायचे. मायक्रोस्टेशनमध्ये तर हा विचार मुळातच आहे. एका सत्रात एकच डिझाइन फाईल सक्रिय, तिच्याकडे पाहायला आठ व्ह्यू, बाकीच्या फाईली संदर्भ म्हणून जोडलेल्या. रेव्हिट याच्याही पुढे जाते. तिथे प्लॅन आणि सेक्शन ही एकाच मॉडेलची वेगवेगळी दृश्ये असतात, त्यामुळे भिंत एकदा सरकली की सगळीकडे सरकते. पण उघड्या दृश्यांची गर्दी रेव्हिटमध्येही होतेच. २०१९ च्या आवृत्तीत दृश्यांना टॅब द्यावे लागले आणि निष्क्रिय दृश्ये बंद करण्याची आज्ञा रोजच्या वापरात आहे. जोडलेले मॉडेल त्याच सत्रात दुरुस्तीसाठी उघडायचे तर ते यजमान फाईलमधून अनलोड होते. त्यामुळे दोन फाईलींमधली ये-जा रेव्हिटनेही पूर्णपणे संपवलेली नाही.

संशोधनाकडे पाहिले तर

कॅडचा स्वतंत्र अभ्यास बाजूला ठेवून खिडक्यांच्या मांडणीचे जुने संशोधन पाहिले, तरी पुष्कळ उपयोग होतो. झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रातल्या सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये शेजारी-शेजारी मांडलेल्या आणि एकावर एक येणाऱ्या खिडक्यांची तुलना केली. खिडक्या फारशा हलवाव्या लागत नाहीत अशा कामात शेजारची मांडणी जलद ठरली. सतत हलवाव्या लागतात अशा कामात, निदान सरावलेल्या लोकांना, एकावर एक मांडणी जलद पडली. म्हणजे उत्तर कामाच्या जातीवर आणि हाताच्या सरावावर ठरते. टॅब विरुद्ध दोन पडदे या वादात दोन्ही बाजूंचे अनुभव खरे का असतात, ते यातून समजते.

त्याच वर्षी, त्याच केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ नावाची प्रणाली मांडली. माणूस खिडक्या सुट्या वापरत नाही, एकेका कामासाठी त्यांचे गट वापरतो, म्हणून पडद्याला खोल्या द्याव्यात, अशी ती कल्पना. तिची आठवण करून देणारे व्हर्च्युअल डेस्कटॉप विंडोज १० मध्ये आले. पण ऑटोकॅडच्या टॅबमध्ये गट नाहीत. जिन्याचा प्लॅन, जिन्याचा सेक्शन आणि जिन्याचा तपशील ही तीन ड्रॉइंग्ज एका कामाची आहेत हे आरेखकाच्या डोक्यात असते, पडद्यावर नसते.

तिसरा धागा डोनाल्ड नॉर्मन यांचा. १९८१ मध्ये त्यांनी माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचे वर्गीकरण केले. त्यातला एक प्रकार असा: कृती बरोबर, पण ज्या वस्तूवर करायची तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वस्तूवर केली. उघड्या ड्रॉइंगांच्या बाबतीत हा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अकरावा आणि बारावा मजला दिसायला जुळे असतात. ‘ए’ विंग आणि ‘बी’ विंगही. आज्ञा अचूक दिली जाते, फक्त समोर दुसरे ड्रॉइंग असते.

एक खिडकी, शब्दशः

यातली एक चूक माझ्या हातून झाली आहे. ती येथे सांगतो, कारण तिचे कारण चर्चेत क्वचित येते. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका कचेरीत मी पुनर्विकासाच्या इमारतीवर काम करत होतो. दोन विंगची दोन ड्रॉइंग्ज शेजारी उघडी होती. एका विंगमधल्या फ्लॅटची मांडणी मंजूर झाली, ती मी उचलून दुसऱ्या विंगमध्ये मूळ निर्देशांकांवर पेस्ट केली. भिंती, दारे, खिडक्या सगळे जागेवर बसले. पण ‘डब्ल्यू-१’ नावाचा खिडकीचा ब्लॉक दोन्ही फाईलींत होता आणि दोन्हीकडे रुंदी वेगळी होती. अशा वेळी आपण ज्या फाईलमध्ये पेस्ट करतो तिथली व्याख्या ऑटोकॅड कायम ठेवते. कमांड लाइनवर तशी एक ओळ येऊन जाते, पण ती वर सरकताना मी पाहिली नाही. हॉलच्या खिडक्या अरुंद झाल्या. आकृती इतकी नीट दिसत होती की कोणाला शंका आली नाही. विटकाम सुरू झाल्यावर साइटवरच्या सुपरवायझरने टेप लावून विचारले, तेव्हा कळले. भिंतीचा तेवढा भाग उतरवावा लागला.

एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात मी चटकन गेलो होतो, त्यात काही अडचण आली नव्हती. दोन्हीकडे एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे दिसण्याची सोय नव्हती. लेअरचेही असेच होते. नाव जुळले की पेस्ट केलेल्या रेघा तिथल्या लेअरचा रंग आणि जाडी घेतात.

आपल्या उपनगरांत एकाच इमारतीची ड्रॉइंग्ज चार कचेऱ्यांतून येतात. वास्तुविशारद बोरिवलीत, लायसन्स्ड सर्व्हेअर अंधेरीत, स्ट्रक्चरल सल्लागार मुलुंडला, असे सहज असते. फाईली ई-मेलने, पेन ड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. एक्सरेफ असलेले ड्रॉइंग असे एकटे पाठवले की समोरच्याकडे जोडलेल्या फाईलच्या जागी नुसता तिचा पत्ता दिसतो. म्हणून ‘एक्सरेफ तुटला’ हा फोन येतो. सगळ्या जोडण्या एकत्र बांधून देणारी ईट्रान्स्मिट आज्ञा ऑटोकॅडमध्ये आहे, पण ती वापरायची शिस्त चारही कचेऱ्यांना हवी. एका कंपनीच्या छताखाली चालणाऱ्या मेट्रोच्या किंवा पुलाच्या कामात संदर्भ-पद्धत जितकी टिकते, तितकी सोसायटीच्या पुनर्विकासात टिकत नाही. माझ्या मते एकाच फाईलचा पक्ष इथे तगून राहिला आहे तो या कारणाने. त्याला आळस म्हणून झटकणे अन्यायाचे होईल.

तुलनेकडे वळण

अलीकडच्या वर्षांतला आशेचा भाग हा की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे लक्ष ये-जा करण्यावरून तुलनेकडे वळते आहे. ऑटोकॅड २०१९ मध्ये दोन ड्रॉइंगांतला फरक रंगाने दाखवणारी सोय आली. २०२० मध्ये ती चालू ड्रॉइंगमध्येच काम करू लागली आणि फरक तिथल्या तिथे उचलून घेता येऊ लागला. २०२१ मध्ये जोडलेल्या एक्सरेफमधला बदलही असा पाहता येऊ लागला. २०२२ मध्ये ‘ट्रेस’ आले: मूळ ड्रॉइंगला हात न लावता त्यावर पसरता येणारा पारदर्शक थर. नाव ट्रेसिंग पेपरवरूनच घेतले आहे. बोर्डावरून पडद्यावर येताना जे सुटले ते तीसेक वर्षांनी परत येते आहे, असे मी याकडे पाहतो, आणि मला त्याचा आनंद होतो.

मर्यादा आहेत. तुलना एका ड्रॉइंगच्या दोन आवृत्त्यांत उत्तम चालते. अकरावा मजला आणि बारावा मजला यांच्यात काय वेगळे असायला हवे आणि काय असू नये, हे तिला ठाऊक नसते. शून्यबिंदू जुळलेले नसतील तर सगळेच रंगून निघते. जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्या कचेरीला या सोयी मिळतच नाहीत.

न सुटलेले

क्रमाचा प्रश्न तसाच आहे. विंडोजमधला ऑल्ट-टॅब शेवटी वापरलेल्या खिडकीकडे नेतो, क्रोममधला कंट्रोल-टॅब पट्टीतल्या पुढच्या टॅबवर. दोन ड्रॉइंगांत सतत ये-जा करणाऱ्याला पहिला क्रम हवा, दहा मजले ओळीने तपासणाऱ्याला दुसरा. एकाच माणसाला सकाळी एक आणि दुपारी दुसरा हवा असू शकतो.

ओळखीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. उपनगरांत मिळकतीची ओळख सीटीएस नंबराने होते, म्हणून पुष्कळ फाईलींचे नाव त्या नंबराने किंवा सोसायटीच्या नावाने सुरू होते. मग मजला, मग विंग, मग तारीख, मग ‘फायनल’, मग ‘फायनल २’. दहा टॅबचा पहिला अर्धा भाग एकसारखा आणि फरक शेवटच्या चार अक्षरांत, जिथे नजर सर्वांत शेवटी पोचते. टास्कबारवर तर तो भाग कापलाच जातो. मजला आणि विंग नावाच्या सुरुवातीला ठेवण्याची साधी रीत काही कचेऱ्यांनी आपापल्या पुरती लावली आहे. प्रत्येक विंगच्या फाईलला मॉडेल स्पेसचा वेगळा पार्श्वरंग देता येईल का, हेही अनेकांनी विचारून पाहिले आहे. पण ऑटोकॅडमध्ये तो रंग सगळ्या ड्रॉइंग्जना एकच लागतो.

२०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० मालिकेत माहितीच्या प्रत्येक फाईलला ओळख, दर्जा आणि आवृत्ती देण्याची चौकट आहे. मोठ्या पायाभूत कामांत तिचा आधार घेतला जातो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत, जिथे चार कचेऱ्यांपैकी एकही दुसरीच्या हाताखाली नाही, तिथे फाईलचे नाव कसे असावे हे कोणी ठरवायचे, याला अजून धनी नाही. मंजुरीच्या प्रणालीला नकाशाचे लेअर कळतात. तो नकाशा साइटवर चाललेल्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या कोणत्या आवृत्तीशी जुळवलेला आहे, हा रकाना टायटल ब्लॉकमध्ये कुठेच नसतो. ‘तपासले’ या शब्दापुढची जागा मात्र बोर्डाच्या दिवसांपासून तशीच आहे. ती सही करणाऱ्याने तेव्हा कोणकोणती ड्रॉइंग्ज समोर उघडी ठेवली होती, हे आज कुठल्याही फाईलमध्ये नोंदले जात नाही.